सांडू सर कुलूप लावत नाहीत

प्रा. सांडू कडुबा ताठे यांच्या घराला कुलूप नाही. हरवलेलं नाही, मोडलेलं नाही. विकत घेतलेलंच नाही. सिडकोतल्या आमच्या गल्लीत प्रत्येक घराला जाळीचं दार, त्याला कुलूप, मागे लाकडी दार, त्याला कुलूप, वर कॅमेरा आणि फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी असते, मग घरात कुत्रं असो वा नसो. या गल्लीच्या मधोमध सांडू सरांचं दार नुसतं लोटलेलं असतं. गावाला जातानाही ते दार लोटून घेतात, ते मांजर आत शिरू नये म्हणून. माणसांबद्दल त्यांची तक्रार नाही.

विचारलं तर म्हणतात, "कुलूप म्हंजे शेजाऱ्यावर केलेला आरोप. पुराव्याबिगर मी आरोप करत नाय."

मी त्यांचा शेजारी. माझ्या घराला तीन कुलपं आहेत.

आमच्या महाविद्यालयाची स्मरणिका निघते आहे. संपादक मंडळातल्या एका चुणचुणीत प्राध्यापिकेचा फोन आला. "देशमुख सर, सांडू सरांवर तुम्हीच लिहायचं. विनोदी हं! आणि तो चोराला चहा पाजल्याचा किस्सा घ्याच. आम्ही तुमच्या तोंडून ऐकलाय, हसून हसून मेलो होतो."

मी मराठी शिकवलं आणि उपप्राचार्य म्हणून निवृत्त झालो. पण माझी खरी कारकीर्द स्टाफरूममध्ये झाली. सांडू सरांची नक्कल हा माझा विषय होता. निरोप समारंभ, सहल, कुणाच्या मुलीचं लग्न, कुठेही लोक म्हणायचे, "देशमुख सर, सांडू सर होऊ द्या." आणि मी होऊ द्यायचो. त्या गोष्टी इतक्या फिरल्या, की आता खऱ्या सांडू सरांना भेटलेले लोक म्हणतात, तुम्ही गोष्टीतल्यासारखे वाटत नाही.

हसण्यापर्यंत ठीक होतं. पण माझ्या एका गोष्टीपायी त्या माणसाचा विषय बंद पडला, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं सकाळी फाटकाशी "काय सर, फिरायला?" एवढंच बोलत राहिलो. आता वय असं झालंय, की उरलेला वेळ थोडा आणि फिरवलेल्या थापा फार. तेव्हा स्मरणिकेला विनोदी लेख मिळेल. पण गोष्टी दुरुस्त करूनच मिळतील.

सुरुवात किरकोळ मालापासून करतो. सांडू सरांची स्कूटर किल्लीसकट पाचदा चोरीला गेली आणि पाचही वेळा चोरानं ती पेट्रोल भरून परत आणून लावली, ही गोष्ट माझी. स्कूटर एकदाही चोरीला गेली नाही. ती सांडू सरांशिवाय कुणाला सुरूच होत नसे. आधी तिला एका अंगावर कलंडवायचं, मग कुशीवर वळवलेल्या म्हाताऱ्या बापासारखं सावकाश सरळ करायचं, मग लाथ. एवढी सेवा करायला चोराला कुठून वेळ असणार?

त्यांच्या नावाबद्दलही मी बरंच पसरवलं. खरं एवढंच, की देवगाव रंगारीकडच्या त्यांच्या घरात आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून पुढच्याचं नाव सांडू ठेवलं. सांडलेलं, टाकून दिलेलं. म्हणजे यमालाही उचलावंसं वाटू नये. सांडू सर वर्गात आपलं नाव फळ्यावर लिहीत आणि विचारीत, "हे नाव माझं हाय का माझ्या बापाच्या भीतीचं?" मग खडू पुन्हा उचलत. "आता 'चोर' लिवतो. हे नाव कुणाचं हाय, कुणाच्या भीतीचं हाय? वर्षभर एवढंच शिकायचंय. बाकीचं परीक्षेसाठी."

ते समाजशास्त्राचे, पण जीव एकाच पेपरात: अपराधशास्त्र. तृतीय वर्षाला ऐच्छिक. मुलं तो पेपर घ्यायची ती नाव ऐकून. बोटांचे ठसे असतील, पिस्तुलं असतील, भिंगातून सिगारेटची थोटकं बघायला मिळतील, अशी त्यांची कल्पना. पहिल्या तासाला सांडू सर हजेरी घेत, आणि 'हजर' म्हणून भागत नसे. पुढे आयुष्यातली पहिली चोरी सांगावी लागे. सुरुवात स्वतःपासून.

"हजर. खळ्यावरची शेजाऱ्याची कोंबडी. अंडी देणारी."

मग वर्ग.

"हजर सर. आजीच्या डब्यातला गूळ."

"हजर. मैत्रिणीचं खोडरबर. वास यायचा त्याला."

"हजर सर. मला आठवत नाही."

"बस खाली. तू निवडणुकीला उभा राहा."

सगळ्यांचं झालं, की सांडू सर विचारीत, "आता हात वर करा, तुमच्यात चोर कोण कोण?" एकही हात वर होत नसे. "का बरं? आत्ताच तर सगळ्यांनी कबूल केलं. तुमाला पकडणाऱ्यानं 'जाऊ दे, लेकरू हाय' म्हनलं, म्हणून तुमी विद्यार्थी झाला. ज्याला कुणी तसं म्हनलं नाय, त्याच्याकडं आपल्याला जायचंय. गुरुवारी. चपला जुन्या घाला."

मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत असे. भिंतीपलीकडून गूळ, खोडरबर, कोंबडी ऐकू येई. स्टाफरूममध्ये मी त्याला 'बी. ए. तृतीय वर्ष, चोरी' असं नाव दिलं. कोंबडीची मी पुढच्या वर्षी शेळी केली, त्याच्या पुढच्या वर्षी वासरू. दुरुस्ती: कोंबडीच होती.

एकदा त्यांनी मला वर्गात बोलावलं. पाहुणा म्हणून. दारातच म्हणाले, "सर, यायचं तर हजेरी द्यावी लागंल. पहिली चोरी?"

मी ताठ मानेनं म्हणालो, "आमच्या देशमुखांच्या घराण्यात चोरी नाही."

"बरोबर हाय," सांडू सर म्हणाले. "देशमुखीत तिला वसुली म्हणत."

वर्ग हसला. मी परत फिरलो. ही गोष्ट मी कधीही कुणालाही सांगितली नाही. माझ्या साऱ्या किश्श्यांत तेवढा एकच असा होता, ज्यात एकही शब्द वाढवायची गरज नव्हती.

आता गुरुवारचं. सांडू सरांचा गुरुवारचा तास रुळापलीकडच्या वस्तीत भरे. ही ती वस्ती, की शहरात कुठे सायकल हरवली तरी पहिली जीप तिथे जाते. तिथल्या समाजमंदिराच्या ओट्यावर मुलं बसत. नियम असा: पहिला महिनाभर आपण काहीही विचारायचं नाही. वस्तीतल्यांनी विचारायचं, आपण उत्तरं द्यायची.

मुलं प्रश्नावल्या छापून घेऊन गेली होती. त्या परत पिशवीत गेल्या. आणि वस्तीतल्या बायकांनी जी उलटतपासणी सुरू केली, ती पाहून कुठल्याही फौजदारानं वही काढावी. तुझं लग्न झालं का? का नाय झालं? बाप काय करतो? ही जीन्स फाटलेली घेतली का घेतल्यावर फाटली? बिडकीनची वर्षा नावाची एक मुलगी होती. तिच्या वडिलांची जमीन कारखान्यांत गेली होती. तिला रहिमाबी नावाच्या बाईनं विचारलं, "जमीन गई तो अब्बा दिनभर क्या करते?" वर्षानं कधी घरी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या गुरुवारी ती येऊन सांगू लागली, "बाबा रोज सकाळी तिथं जातात. कुंपणाबाहेर उभं राहतात. मग घरी येतात."

"हां," रहिमाबी म्हणाली, "मेरे भाई का बी वैसाच है. बैठ, चाय पी."

महिन्यानंतर खरं काम सुरू होई. पण तेही उलटं. वस्तीतले गुन्हे शोधायचे नाहीत, वस्तीतले मिटलेले तंटे शोधायचे. कोण भांडलं, कोण मधे पडलं, काय ठरलं, आणि पोलीस का लागले नाहीत. वर्षानं टिपलेला पहिला तंटा असा: एकीची शेळी, दुसरीच्या खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया. शेळीनं कुरडया खाल्ल्या. दोघींनी एकमेकींच्या सात पिढ्या उन्हात वाळत घातल्या. शेवटी रहिमाबीनं निकाल दिला, की नव्या कुरडया होईपर्यंत शेळीचं दूध कुरडईवालीच्या लेकरांना.

वर्षा म्हणाली, "सर, पोलीस आले असते तर पंचनामा झाला असता. दूध नसतं मिळालं."

"हे पुस्तकात कुठं हाय?"

"नाय सर, कुठंच नाय."

"मग लिव की. वाट कुणाची बघती?"

स्टाफरूममध्ये मी या अभ्यासाला 'शेळीशास्त्र' म्हणत असे. दूध मिळाल्याचा भाग मी गाळत असे. गोष्ट लांबते.

गाळणं ही माझी खरी कला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सांडू सरांच्या पत्नी मंगलताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. सर बिनसाखरेचे, ताई साखरेच्या. हे मी दोन्ही अर्थांनी म्हणतो. सरांना मधुमेह होता आणि गोड बोलणंही त्यांना वर्ज्य होतं. घराला कुलूप नसल्याबद्दल गल्लीतल्या बायकांनी ताईंना टोकलं, तर त्या म्हणत, "अहो, चोर आला तर नेणार काय? ह्यांची पुस्तकं? चार पानं वाचंल आन बिचारा स्वतःची दोन आणून ठेवंल." दुपारी चारला दोघं व्हरांड्यात चहा घेत. दोन कप. माझ्या खिडकीतून दिसायचं. सर काहीतरी तावातावानं सांगत असायचे आणि ताई फुंकर घालत असायच्या. चहावर का सरांवर, ते कळत नसे.

मंगलताई अचानक गेल्या. शाळेतून घरी आल्या, पडते जरा म्हणाल्या, आणि संपलं. आम्ही स्टाफ मिळून भेटायला गेलो. कोचावर ओळीनं बसलो, पंख्याकडे पाहिलं, प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं, निघालो. शेजारी असून मी त्यानंतर एकटा कधी गेलो नाही. पण दार उघडंच होतं, हे मला ठाऊक होतं. कॅमेऱ्यात दिसायचं.

काही महिन्यांनी सांडू सर स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "सर, काल घरी चोर आला होता." मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यातून मी जी गोष्ट घडवली, ती महाराष्ट्रात कुठेही ऐकायला मिळेल. ती अशी:

चोर घरात शिरतो. सांडू सर पुस्तकातून मान वर न करता म्हणतात, "ये, बस. चहा घेणार?" चोर गोंधळून बसतो. सर चहा देतात आणि प्रश्नावली काढतात. वय? शिक्षण? वडिलांचा व्यवसाय? चोरीकडे वळण्याची सामाजिक कारणं, किमान तीन? चोर घाम पुसतो. सर म्हणतात, "घाबरू नको, प्रात्यक्षिकाला वीस गुण आहेत." चोर खिडकीतून उडी मारून पळतो आणि जाताना स्वतःच्या चपला विसरतो. दुसऱ्या दिवशी सर त्या चपला वर्गात आणून दाखवतात: "प्राथमिक साधन!"

ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली याचा हिशेब नाही. दर वेळी हशा. चपलांवर तर टाळ्या.

पुढच्या वर्षी महाविद्यालयाचं मूल्यमापन करायला बाहेरून समिती यायची होती. श्रेणी हवी, तर समाजाशी नाळ हवी. आमची नाळ फ्लेक्सवर होती. दर वर्षी आम्ही नवे झाडू आणायचो, हातात धरून फोटो काढायचो, आणि झाडू कोठीत ठेवून द्यायचो. पुढच्या फोटोत जुने दिसायला नकोत म्हणून वापरायचो नाही. पण या वेळी आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "काहीतरी जिवंत दाखवा." जिवंत असं आमच्याकडे एकच होतं. सांडू सरांना सांगितलं, तुमच्या उपक्रमाचं सादरीकरण करा, पडद्यावर दहा चित्रं, आभार, संपलं.

सांडू सरांनी चित्रं आणली नाहीत. वस्ती आणली. रहिमाबी, कुरडईवाली, शेळीवाली, त्यांच्या पोरी, दोन म्हातारे. पाहुण्यांसाठी पांढरे अभ्रे घातलेल्या खुर्च्या ठेवल्या होत्या, त्यांवर सगळे ऐसपैस बसले. समिती आली तेव्हा तिला प्लास्टिकच्या मिळाल्या.

समितीचे प्रमुख मोठे सौम्य गृहस्थ होते. त्यांनी सौम्यपणे रहिमाबीला विचारलं, "आपल्या वस्तीत गुन्ह्यांचं प्रमाण कमी झालं का?"

रहिमाबी म्हणाली, "साब, यां का कायदा है. पैले अपनी चोरी बोलना, फिर दूसरे की पूछना. तुमे पैली बार क्या चुराए थे?"

समितीचे प्रमुख छताकडे पाहू लागले. आमचे अध्यक्ष, जे शहरातले रस्ते बांधतात आणि जे रस्ते दर पावसाळ्यात पुन्हा बांधावे लागतात, त्यांना त्याच क्षणी एक महत्त्वाचा फोन आला. सांडू सर मागे उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता, जणू पोरगी पहिली आली.

दुपारच्या जेवणाला मी समितीच्या शेजारी. वाढायला शिपाई भिका. प्रमुखांनी आमटीत चमचा फिरवत मला विचारलं, "ते सर कसे आहेत हो? म्हणजे, गांभीर्यानं घ्यायचं का?"

हा प्रश्न खरा होता. त्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो, की आमच्या संस्थेत गांभीर्यानं घ्यावा असा हा एकच वर्ग आहे. वर्षाच्या बापाची गोष्ट सांगू शकलो असतो. शेळीच्या दुधाची सांगू शकलो असतो. पण समोर चार नवे श्रोते होते, ताट भरलेलं होतं, आणि माझ्यातला कलावंत जागा झाला.

"तुम्हाला चोराचा किस्सा सांगतो," मी म्हणालो.

चपलांपाशी प्रमुखांना ठसका लागला. भिकानं पाणी दिलं. डोळे पुसत ते म्हणाले, "ग्रेट! काय वल्ली आहे! पण मग हा विषय म्हणजे... करमणूकच म्हणायची."

अध्यक्षांनी तो शब्द जपून ठेवला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरलं, की अपराधशास्त्राचा पेपर बंद करून त्या जागी सायबर सुरक्षेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घ्यावा, ज्यात वस्तीत जावं लागत नाही, संगणकाचे पासवर्ड कसे ठेवावेत तेवढं शिकवतात. म्हणजे कुलूपच. ज्या माणसानं जन्मात कुलूप लावलं नाही, त्याच्या जागी आम्ही कुलपाचा वर्ग सुरू केला आणि फीत कापली. सांडू सरांना निवृत्तीपर्यंत पर्यावरण शिकवायला दिलं. ठरावाच्या बैठकीत मी उपप्राचार्य म्हणून हजर होतो. हात वर करायला सांगितलं, तेव्हा माझा हात वर होता.

तर आता खरी गोष्ट. जी सांडू सरांनी त्या सकाळी मला सांगितली होती, शब्दाला शब्द, आणि जी मला तेव्हापासून पाठ आहे.

दुपारी चारची वेळ. सर स्वयंपाकघरात चहा गाळत होते. दोन कप. "सवयच ती सर," ते म्हणाले होते. "मंगल गेल्यापास्नं रोज ठरवतो, आज एकच. हात ऐकत नाय. दुसरा कप तसाच ठिवतो, गार झाला की मोरीत वततो." तेवढ्यात दार ढकलून एक तिशीचा गडी आत आला. सरांना वाटलं जुना विद्यार्थी. म्हणाले, "बस, चहा तयार हाय." तो बसला. इकडेतिकडे पाहून विचारलं, "घरात दुसरं कुणी नाय?"

"नाय."

तो उठणार होता, किंवा आणखी काही करणार होता. मग त्याचं लक्ष समोर गेलं. "मग कप दोन कसे?"

सरांनी सांगितलं. मंगलताईंचं सगळं सांगितलं. शाळा, तिथली मुलं, कुलपाची थट्टा, पडते जरा म्हणाल्या ते. तो ऐकत बसला. चहा संपला, ऊन कललं. त्यानंही सांगितलं, की तो कशासाठी आला होता. सरांनी प्रश्नावली काढली नाही. त्यांच्याकडे प्रश्नावली कधी नव्हतीच, माझ्याकडे होती. जाताना तो दरवाजात थांबून म्हणाला, "सर, आतनं कडी तरी लावत जा." आणि दार ओढून घेऊन गेला. चपला घालून.

मंगलताई गेल्यावर त्या दुसऱ्या कपाबद्दल विचारणारा पहिला माणूस चोर निघाला. आम्ही बाकीचे सभ्य होतो.

सर हे मला सांगत होते, तेव्हा त्यांचा हात माझ्या टेबलावर होता. आता वाटतं, ते विनोद सांगायला आले नव्हते. आणि मी ऐकता ऐकता मनात कापत होतो: कप नको, मंगलताई नकोत, हशा पडतो त्याला. त्याऐवजी चपला घालू.

हे सगळं लिहून प्रेसला देण्याआधी त्यांना सांगणं भाग होतं. परवा चारच्या सुमाराला माझी तिन्ही कुलपं लावून मी त्यांच्याकडे गेलो. मधे सहा पावलांचं अंगण, पण मला दम लागला. दार लोटलेलंच होतं. आत सर ओट्याशी पाठमोरे, चहा गाळत होते.

"या," वळून न पाहता ते म्हणाले. म्हणजे कुणीही आलं तरी ते हेच म्हणत असणार.

मी बसलो आणि एका दमात बोलून टाकलं. समितीचं जेवण, किस्सा, करमणूक, ठराव, माझा हात. सर ऐकत होते. कपाटावरच्या फोटोत मंगलताईही ऐकत असल्यासारख्या वाटत होत्या.

"ठाऊक हाय मला," सर म्हणाले. "भिकानं त्याच संध्याकाळी सांगितलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पेपर बंद झाला, गुरुवार कुठं बंद झाला? मी जातोच की ओट्यावर. आता गुणबी द्यावे लागत नायत." ते थांबले. "आन गोष्ट तुमी लई चांगली सांगता, देशमुख सर. एकदा लग्नात मांडवामागं उभं राहून मी ऐकलीय पुरी. मलाबी हसू आलं चपलांना. फक्त..."

"फक्त काय?"

"तिच्यात मंगल नव्हती." त्यांनी गाळणं धुऊन पालथं ठेवलं. "तिला आवडलं असतं ओ. चोर तिचा कप पिऊन गेला, ह्याला तीच सगळ्यात जास्त हसली असती. लोक एवढे हसत होते मांडवात, आन मी बघत होतो, आता येईल, आता येईल तिचं नाव."

मी त्या पालथ्या गाळण्याकडे पाहत बसलो. तेव्हा त्यांनीच मोकळं केलं. मिश्कीलपणे म्हणाले, "तुमची हजेरी राहिलीय बरं का. त्या दिशी दारातनंच परत गेला होता. पहिली चोरी?"

मी म्हणालो, "एक कप, सर."

"चालंल," सर म्हणाले. "उशिरा आला, पण लागली हजेरी. गुरुवारी या. चपला जुन्या घाला."

मग त्यांनी ओट्यावरचे दोन कप आणले. दोन्ही माझ्या येण्याआधीच मांडलेले होते. एक स्वतःपुढे ठेवला. दुसऱ्यात, मला न विचारता, साखरेचे दोन भरलेले चमचे घातले, सावकाश ढवळले आणि तो माझ्याकडे सरकवला.

साखर फार होती. डॉक्टरांनी मलाही बंद केली आहे. मी फुंकर घातली आणि सगळा प्यालो.